वास गेला!

३ मार्च
पुन्हा आला! खिडक्या बंद, फटींना चिकटपट्टी, दाराखाली ओलं फडकं — तरी आलाच. मागच्या सरसाच्या कारखान्यात हाडं उकळतात आणि आम्ही नाक दाबून जेवतो. उशीला वास, धुतलेल्या चादरीला वास, पाण्याच्या पेल्यालासुद्धा!
लेकीचा फोन. बाळ तीन महिन्यांचं झालं, अजून मी मांडीवर घेतलेलं नाही. ह्यांचा पाय प्लॅस्टरमध्ये, मला हलता येत नाही. आणि ती म्हणते, "तो वास आहे तोवर नको गं आई. त्याची छाती नाजूक आहे." तिचं काय चुकलं? मीही आणलं नसतं.

९ मार्च
तपासणीचा अधिकारी येऊन गेला. कधी? कारखान्याला सुट्टी असते त्या दिवशी! दारात उभं राहून हुंगलं. "मला तर काही येत नाही." म्हटलं, उद्या या, जेवायलाच या! तर म्हणे, "काकू, चिडू नका." चिडू नको तर काय हार घालू तुला?

१२ मार्च
हवा शुद्ध करायचं यंत्र आणलं. हवा घाण असली की लाल दिवा, स्वच्छ झाली की हिरवा. दिवसभर लाल! मेल्यांनो, घाण तुम्ही करायची आणि गाळत आम्ही बसायचं?

२० मार्च
हे म्हणतात, "मला हल्ली फारसा वास येत नाही गं." नाक आहे की शोभेची वस्तू!

२ एप्रिल
सकाळी उठले — वास नाही! दार उघडलं — नाही! खिडकी — नाही! घाबरले शेवटी कारखानेवाले माझ्या तक्रारींना. चिकटपट्ट्या टराटरा ओढून काढल्या. लेकीला फोन केला, "ये. बाळाला घेऊन ये. वास गेला." ती रडली. मीही.

३ एप्रिल
यंत्र मात्र लालच! दुकानदाराला चांगला झाडला — "बिघडलेला माल गळ्यात मारता?" तो म्हणे, "मावशी, जाळी साफ करून बघा." केली. तरी लाल. शेवटी दिव्यावर रुमाल टाकला. बाळ यायचंय, हे रडगाणं कशाला समोर?

५ एप्रिल
आली. उंबऱ्यातच थबकली. बाळाचं तोंड ओढणीत दडवलं. "आई, अगं... तुला येत नाहीये?"
मी खोल श्वास घेतला. काहीच नाही.
हात पुढे केले होते, ते मागे घेतले. मीच म्हटलं — जा. घेऊन जा त्याला.