आमचंच पान नक्कल

१२ मार्च, मंगळवार

धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. उकाडा वाढलाय, बाबांचं जेवण बेताचंच आहे, दुकान चालू आहे. तू आणि तुझी बायको मजेत असाल. झालं क्षेमकुशल. आता मुद्द्यावर येते, कारण तोंडात शिव्या धरून फार वेळ गोड लिहिता येत नाही.

मागच्या आठवड्यात दुकानाच्या ईमेलवर सर्च इंजिनकडून नोटीस आली. ‘नोटीस’ म्हटल्यावर मी ती दोनदा वाचली. बाबा तर म्हणाले, “कोणी केस केली आपल्यावर?” मजकूर असा, की तुमच्या वेबसाइटचं एक पान इंडेक्स केलेलं (म्हणजे शोधयादीत घेतलेलं) नाही, ते डुप्लिकेट आहे आणि मूळ म्हणून आम्ही दुसरं पान निवडलं आहे. मला वाटलं, टाकलं आपल्याला काळ्या यादीत. तशीच उठले आणि शेजारच्या झेरॉक्सवालीकडे गेले. वेबसाइट तिनंच करून दिली होती, आणि नकलेचं तिला नाही कळणार तर कोणाला?

ती म्हणाली, “ताई, शिक्षा नाही हो ही. एकच मजकूर दोन ठिकाणी सापडला, की शोधणाऱ्याला त्यातला एकच दाखवतात. दुसरा बाजूला ठेवतात.”

“पण आधी तर मी लिहिलाय!”

“ते त्यांना दर वेळी कळतंच असं नाही.”

“मग मूळ कोणतं ते ठरवतं कोण?”

“मशीन.”

मशीन! अरे, माझा जन्म गेला शिलाई मशिनी दुरुस्त करण्यात, आणि एका मशीननं मला नक्कल ठरवावं? तळपायाची आग मस्तकात गेली. नवीन गिऱ्हाइकांचे फोन का बंद झालेत, तेही तेव्हा कळलं. शोधलं तरी आपलं दुकान दिसतच नव्हतं. दिसत होतं ते दुसरंच कोणाचं तरी.

तिनं ते ‘मूळ’ पान उघडलं. तुझं दुकान. वर तुझा फोटो. मिशा वाढवल्यास, शोभत नाहीत. आणि खाली माझा मजकूर, शब्दन् शब्द! दुपारी दुकानात गर्दी नसायची तेव्हा एकेक ओळ खोडून खोडून लिहिला होता मी तो. ‘बिघाड मशीनमध्ये कमी आणि चालवणाऱ्याच्या घाईत जास्त असतो’ हे वाक्य बाबांचं आहे, त्यावर तुझाही हक्क आहे, ते सोडते. पण पुढचं? ‘लहानपणापासून बाबांच्या शेजारी बसून मी हे काम शिकले.’

शिकले! अरे गाढवा, निदान ‘शिकले’चं ‘शिकलो’ तरी करायचंस! वर मिशीवाला फोटो आणि खाली ‘शिकले’. नक्कल करायलाही अक्कल लागते. झेरॉक्सवाली हसून हसून खुर्चीत बसली. मग तिनं विचारलं, “हा माणूस ओळखीचा आहे का?” मी नाही म्हणाले. तिनं फोटोतलं नाक पाहिलं, माझं पाहिलं, आणि गालात हसत तक्रारीचा फॉर्म उघडला.

अशा वेळी तक्रार करता येते. तक्रार खरी ठरली तर तुझं पान शोधात दिसेनासं होतं. कशी करायची ते तिनं दाखवलं. मी सगळं भरलं, फक्त पाठवायचं बाकी ठेवून घरी आले.

संध्याकाळी बाबांना तुझं पान मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनाही राग यावा म्हणूनच, उगाच साळसूदपणा कशाला करू. ‘शिकले’पाशी मुद्दाम थांबले. बाबा हसलेही नाहीत आणि चिडलेही नाहीत. म्हणाले, “त्याला मी बसूच दिलं नाही. शाळा सुटली की रोज यायचा. मी हाकलायचो, अभ्यास कर म्हणून. वाटलं, साहेब होईल.”

मला आठवतं ते. तू दप्तर घेऊन दाराशी आणि मी आत, तेलकट हातांनी. तुला वाटायचं, ताईची मजा आहे. माझी कसली मजा? माझा अभ्यास कोणाला महत्त्वाचा वाटला नाही, म्हणून मी आत होते. मला शाळा हवी होती, तुला बाबांच्या शेजारचं ते स्टूल हवं होतं, आणि विचारलं आपल्या दोघांनाही कोणी नाही. तू दुसऱ्या कोणाच्या तरी हाताखाली काम शिकलास आणि नाव बाबांचं लावलंस. हे कळल्यावर माझा राग धड तुझ्यावरही राहीना. निम्मा बाबांवर गेला. आणि त्यांच्यावर आता रागावता येत नाही, याचाही मला राग येतो.

का येत नाही, ते सुरुवातीला लिहायचं टाळलं. त्यांचा उजवा हात थरथरतो. मशीनमधलं शटल बसवताना निसटतं. डॉक्टर म्हणतात, हे वाढत जाईल, डाव्या हातातही येईल. डावा अजून चांगला आहे. धाग्याचा ताण किती हवा ते डोळे मिटूनही त्या बोटांना कळतं. मी पुष्कळ वर्षं हे काम करतेय, मला अजून तेवढं जमलेलं नाही.

तक्रार मी पाठवलेली नाही. माफ केलंय असं मुळीच समजू नकोस. मजकूर माझा आहे, तो तुझ्या पानावरून काढ, आजच्या आज. तुझ्या दुकानाबद्दल तू तुझं लिही, चार ओळी का होईना. पण ‘बाबांच्या शेजारी बसून शिकलो’ हे लिहायची तुला इतकी हौस असेल, तर ये आणि बस. आता तुला हाकलणारं इथे कोणी नाही. बाबांना अजून शिकवता येतं. उशीर केलास तर ते नुसतं सांगू शकतील, हातात हात धरून दाखवता यायचं नाही.

कामाचे जुने कपडे घेऊन ये.

अजूनही चिडलेली,
ताई