वर्षश्राद्ध आणि ड्रिलचा वर्ग

सोम. १२ नोव्हें. १९३४, सोलापूर
पहाटे साडेपाचला घंटा. मैदानाला चार फेऱ्या. आम्ही सगळे जिल्ह्यातले प्राथमिक मास्तर, कुणाचं पोट सुटलेलं, कुणाला दमा. खाकी चड्डी सक्तीची. आयुष्यात पहिल्यांदा गुडघे उघडे टाकून चारचौघांत उभा राहिलो. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. वर्षभर काहीच वाटत नाही, त्यात हे एक.

शिकवणारे हिरेमठ मास्तर, अक्कलकोटकडचे. नाव लांबलचक, वहीत हि. मा. पुरे. पहिलंच वाक्य: "तुमी मास्तर लोक, बसून बसून पाटासारकं झालाय. सहा आठवड्यांत मी तुमाला मानूस करतो."

करोत बापडे.

मंगळ. १३ नोव्हें.
अंग ठणकतंय. म्हणजे ठणकत असावं, जिना उतरताना बाकीचे विव्हळत होते.

इथे का आलो ते लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन. वर्ग पास झालो तर सोलापुरातल्या शाळेत ड्रिलमास्तरची जागा आहे. मग दोन खोल्या घेता येतील, आई माढ्याहून दादाचं घर सोडून माझ्याकडे येईल आणि बनीला बार्शीहून आणता येईल. नापास झालो तर पुन्हा तेच खेडं, एकशिक्षकी शाळा, देवळाच्या ओवरीत बिऱ्हाड. तिथे पाच वर्षांची पोर कशी ठेवणार? तिची आई, माझी बायको ल., गेल्यापासून बनी मामा-मामीकडेच आहे. अनंतराव आणि वहिनी जीव लावतात. त्यांना मूल नाही.

हे सगळं दुसऱ्या कुणाची हकीकत लिहावी तसं लिहिलं गेलं.

बुध. १४ नोव्हें.
आज एक गंमतीचं. वर्गाकडे तोंड करून कवायत करून दाखवायची, तर मास्तरने उलटं करायचं. तोंडाने "उजवा हात वर" म्हणायचं आणि स्वतःचा डावा उचलायचा. म्हणजे समोरच्या पोरांना आरशात बघितल्यासारखं दिसतं, ती चुकत नाहीत. ऐकायला सोपं. सगळ्यांची त्रेधा उडाली. बार्शी तालुक्यातले एक वयस्क मास्तर दोन्ही हात वर करून उभे राहिले. हि. मा. कपाळाला हात लावून, "साकु, साकु!" कानडीत पुरे.

लेझीमही झाली. मनगटं भरून आली.

शनि. १७ नोव्हें.
मल्लखांब. एरंडेल चोपडलेला लाकडी खांब, त्यावर चढून मांड्यांनी धरून राहायचं. तीनदा घसरलो, चौथ्यांदा टिकलो. खाली उतरल्यावर नारायण म्हणाला, "मास्तर, रक्त की हो!" बघतो तर मांडी आतून चांगली सोललेली. कळलंच नव्हतं.

नारायण खोलीतला सोबती. इथलाच, घरी तेलुगू बोलतात, बापाचे चार माग आहेत. त्याने हळद आणून लावली आणि स्वतःच चरफडला, "दुखतंय तर ओरडा ना जरा!" त्याच्या समाधानासाठी ओरडलो.

मंगळ. २० नोव्हें.
अनंतरावांचं पत्र. "वर्षश्राद्धास आम्ही उभयता बनीस घेऊन माढ्यास येत आहोत. त्या वेळी तिच्या राहण्याचा कायमचा विचार व्हावा. पोर दोन्हीकडे लोंबकळत ठेवणे बरे नव्हे. आपण पुढेमागे दुसरे लग्न कराल, ते रीतीचेच आहे. आम्ही तिला पोटच्या पोरीसारखी वाढवू."

वाचलं, खिशात घातलं. संध्याकाळी हुतुतू. दोन गडी मारले.

शुक्र. २३ नोव्हें.
पोहणं. कुंभारीच्या वाटेवर एका मळ्यात मोठी विहीर आहे, हि. मां.च्या ओळखीच्यांची. पाठीला भोपळा बांधून एकेकाला आत सोडायचं. मास्तर मंडळी कठड्याला धरून रामरक्षा म्हणत होती. माझा नंबर आला. मी भोपळा न बांधताच उडी टाकली. पोहता येत नाही हे ठाऊक होतं. दोरी कंबरेला होती म्हणून वर ओढलं.

वाटलं, शाबासकी मिळेल. हि. मा. तांबडेलाल. "अय्यो, तुमाला भ्या वाटलं न्हाय?"

"नाही."

"मग पोरान्ला विहिरीवर कसं न्याल? ज्याला भ्या न्हाय त्याच्या हाती मी दुसऱ्याचं लेकरू देनार न्हाय. ह्यात मी तुमाला नापास करनार, आत्ताच सांगून ठेवतो."

परत येताना नारायणने माझे ओले कपडे स्वतःच्या खांद्यावर टाकले. मग एकदम, "बाईंना जाऊन किती दिवस झाले?" म्हटलं, येत्या द्वादशीला वर्ष.

गुरु. २९ नोव्हें.
आज वर्गापुढे पाऊण तास कवायत घेतली. सगळ्यांत पहिल्यांदा आरसा जमला तो मला. "उजवा" ऐकलं की डावा आपोआप उठतो, विचार करावा लागत नाही. हि. मा. म्हणाले, "हे लई बरोब्बर बसलं तुमाला." नारायणला जमत नाही, तो चिडून म्हणतो, "तुमच्या डोक्यात काही नाहीच, म्हणून अडत नाही."

खरं आहे. रागही आला नाही.

दोन दिवसांची रजा मागितली. श्राद्ध सांगितलं, लगेच मिळाली.

सोम. ३ डिसें., माढा
दादाच्या घरी वर्षश्राद्ध. काय झालं ते तसंच लिहितो.

मंडळी कालच बार्शीहून आली. बनी उंच झाली आहे. मला नमस्कार केला, कुणीतरी शिकवल्यासारखा, आणि वहिनींच्या, तिच्या मामीच्या, मागे जाऊन बसली.

भटजी समोर बसले. जानवं कधी डाव्या खांद्यावर घ्यायचं, कधी उजव्या. मधेमधे तिळाचं पाणी सोडायचं. भटजी म्हणाले, "उजवा हात पुढे." माझा डावा गेला. पाणी सोडलं. पुन्हा, "उजवा." पुन्हा डावा. समोर बसलेला माणूस आज्ञा देतोय आणि माझं अंग दोन आठवड्यांचा धडा गिरवतंय. तिसऱ्यांदा भटजींनी मनगट धरलं. "अहो केशवराव, डाव्या हाताने काय सोडताय? बाईंना पोचायचं कसं ते?"

हात बदलला. "आता अपसव्य करा." जानवं भलत्याच खांद्यावर. दादा "अरे अरे" करत उठला. भटजींनी स्वतः पुढे होऊन जानवं सारखं केलं, म्हणाले, "हं, उजवा." आणि डावा पुन्हा पुढे.

मला हसू फुटलं. दाबायचा प्रयत्न केला तसं जास्तच फुटलं. खांदे हलायला लागले, पळीतलं पाणी दर्भावर सांडलं. बायकोच्या वर्षश्राद्धाला मी पाटावर बसून हसलो.

मागे बनीचा आवाज: "मामी, ते का हसतात?"

जेवणं उरकल्यावर अनंतराव पडवीत आले. शांत माणूस, आवाज चढवत नाहीत. म्हणाले, "तुम्हाला माझ्या बहिणीचं काही उरलेलं दिसत नाही. नसेल, मी काही म्हणत नाही. पण मग बनी आमच्याकडेच राहू दे. कायमची."

"ठीक आहे," मी म्हटलं.

ठीक आहे! पानाला चुना जास्त झाला का विचारल्यावर म्हणतात तसं.

चारच्या सुमाराला मंडळी निघाली. बनीने गाडीच्या खिडकीतून हात केला, दादाच्या मुलीला.

मंगळ. ४ डिसें., आगगाडीत
का हसलो ते कुणी विचारलं नाही. सांगता आलं असतं.

ल. मंगळागौरीत, सत्यनारायणात, कुठेही, भटजी काही बोलले की पदराचा बोळा तोंडात धरून हसायची. सासूसमोरसुद्धा. एकदा पुण्याहवाचनात इतकी हसली की आईने तिला उठवून आत पाठवलं. काल भटजी म्हणाले, "बाईंना पोचायचं कसं," आणि ती मला ऐकू आली. वर्षभर आठवायची ती तापात घरघरणारी. काल आठवली ती पदराआडून हसणारी, आणि मी तिच्याबरोबर हसलो. एवढंच.

हे अनंतरावांना सांगायला हवं होतं. तिचा भाऊ आहे, ते हसू त्यालाही ठाऊक असणार. मी म्हटलं काय? ठीक आहे.

शनि. ८ डिसें.
खो-खो. लाकडी जोडी फिरवणं. शीर्षासन. सायकल, उसनी. पडलो. लिहिण्यासारखं काही नाही.

जेवणावरची वासना गेली आहे. नारायणच्या घरून शेंगाचटणी आणि कडक भाकरी आली होती, तशीच ठेवली. तो म्हणाला, "आता काय झालं?" सांगितलं. त्याने भाकरी परत फडक्यात बांधली. मग म्हणाला, "तुम्ही तिला देऊन टाकलंत?"

देऊन टाकलं हा शब्द मी वापरला नव्हता.

बुध. १२ डिसें.
पुन्हा विहीर. भोपळा सोडून द्यायचा आणि कठड्यावरून उडी. बहुतेक सगळे आता बेडकांसारखे उड्या टाकतात. मी कठड्यावर गेलो आणि पाय उचलेनात. खाली काळं पाणी, त्यात माझंच डोकं. मनात आलं, मी आत गेलो तर माझं "ठीक आहे" तसंच राहील, कायमचं. परत घ्यायला दुसरा कोण आहे?

घाबरलो. लिहून ठेवतो: आज मी फार घाबरलो. बनीसाठी घाबरलो.

हि. मा. खाली पायरीवर उभे होते, पाण्यात गुडघ्यापर्यंत. चेष्टा करतील असं वाटलं. म्हणाले, "आत्ता कसं! थांबा जरा. घाई न्हाय. मी हितं हाय." मग बऱ्याच वेळाने, "या."

उडी टाकली. नाकातोंडात पाणी. आठ-दहा हात मारून काठ गाठला आणि काठाला धरून तसाच राहिलो. मांडीची जुनी जखम पाण्याने झोंबली. चांगलीच झोंबली.

रवि. १६ डिसें.
अनंतरावांना तीन पत्रं लिहिली, तिन्ही फाडली. पत्रात फारच शहाणपणा येतो. जाऊनच सांगायला हवं. पण कशाच्या जोरावर सांगू? जागा पक्की नाही, खोली नाही. वहिनींनी वर्षभर तिचं दुखलंखुपलं काढलं. गोवर आला तेव्हा मी तालुक्याच्या तपासणीची तयारी करत होतो. आणि आता उठून जायचं नि म्हणायचं, माझी मुलगी द्या?

होय, तेच म्हणायचं आहे.

शुक्र. २१ डिसें.
परीक्षा. सकाळी लेखी, मग मल्लखांब, लेझीम. दुपारी चौथीच्या मुलांची कवायत घेऊन दाखवायची. परीक्षक खुर्चीवर छत्री उघडून बसलेले. मुलं बरोबर चालली. शेवटच्या रांगेतला एक सारखा चुकत होता, त्याच्याजवळ जाऊन शेजारी उभा राहिलो, आरसा सोडून दिला. तो उजवा तर मी उजवा. याचे गुण कापतील बहुधा.

हि. मा. जाताना म्हणाले, "निकाल नाताळ झाल्यावर. पोहन्यात मी तुमाला पास केलंय." मग माझ्याकडे बघत, "आज आवाजात कायतरी होतं की तुमच्या."

खोकला आहे, म्हटलं.

निकालापर्यंत थांबावं असं नारायणचं मत. मी उद्या निघतो. जागा मिळाली तरच मुलगी हवी, असं सांगायला जायचं नाही मला.

रवि. २३ डिसें., बार्शी
काल संध्याकाळी पोचलो. कुणी ये म्हटलं नव्हतं, पण वहिनींनी चहा ठेवला. अनंतराव धान्याच्या आडतीवरून आल्यावर त्यांच्यासमोर एका दमात बोललो. का हसलो ते सांगितलं. ते ऐकून त्यांनी मान वळवली, टोपी काढून खुंटीला लावली. म्हणाले, "लहानपणी देवळात नेण्याची सोय नव्हती तिला." पुढे म्हटलं, "त्या दिवशी ठीक आहे म्हणालो, ते ठीक नाही. मला बनी हवी आहे. जागा मिळो न मिळो."

वहिनी आतून म्हणाल्या, "तिलाच विचारा की."

ते आज सकाळी. अंगणात वहिनी बनीची वेणी घालत होत्या. बनीनेच तोंड उघडलं. "मामा म्हणतात तुम्ही डोक्यावर उभे राहता. खरं?"

खरं, म्हटलं. पंचा घडी करून ठेवला आणि तुळशीजवळ शीर्षासन केलं. उलट्या अंगणात उलटी बनी, तिच्या मागे उलट्या वहिनी, हातात अर्धी वेणी. बनी वाकून, मान वाकडी करून माझ्या तोंडाकडे बघायला लागली. इतक्या जवळून तिने मला वर्षभरात बघितलं नव्हतं. ल.चे डोळे. माझ्या डोळ्यांतलं पाणी कपाळावरून केसांत गेलं.

"तुमचं पाणी वर चाललंय," बनी म्हणाली.

तसाच उलटा असताना विचारलं, "माझ्याकडे राहायला येतेस का, सोलापूरला?"

"मामी पण येणार?"

वहिनींचा हात थांबलेला दिसला. मी पाय खाली घेतले, बसलो. म्हटलं, "मामी नाही. आजी येईल. आणि मी असेन."

"रोज?"

"रोज."

तिने वहिनींकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा वहिनींकडे. वहिनी उरलेली वेणी घालत राहिल्या, फारच हळू. पेड संपले, रिबीन बांधून झाली, तेव्हा बनी उठली.

"उद्या सांगते," म्हणाली आणि शेजारच्यांकडे खेळायला गेली.

दुपारच्या गाडीने परतायचं होतं. वहिनींनी न विचारताच माझं पान मांडलं. राहिलो आहे.