वॉलनट हिलचा लाडका उमेदवार

चि. डेल यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद (तू मागितले नसलेस तरी). गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी शिडी चढू नको म्हटल्यावर तू पन्हळीतली पानं काढायला शेजाऱ्याच्या छपरावरून गेलास, असं कळलं. तुझी अक्कल बाबांवर गेली आहे, हे मी आईला फार पूर्वीच सांगितलं होतं.

आमच्याकडे सगळं ठीक, फक्त तुझा मेहुणा व्हर्जिल महापौरपदाला उभा आहे. तुला ठाऊक आहेच म्हणा. त्याची प्रचाराची पाटी उन्हाळाभर तुझ्या हिरवळीवर उभी आहे, तुझ्यापेक्षा ताठ. नगरसेवक कर्टिस ब्रूबेकरला बागेतला बँडस्टँड पाडून तिथे गाड्या लावायच्या आहेत, आणि त्याच बँडस्टँडवर व्हर्जिलने आयुष्यभर शाळेच्या पोरांकडून वाजवून घेतलं (तो त्याला संगीत म्हणतो). बँडस्टँड गेला तर हा माणूस माझ्या दिवाणखान्यात ट्रॉम्बोन घेऊन बसणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. म्हणून मीच म्हणाले, उभा राहा.

आता आपली ही निवडणूक बिनपक्षी. मतपत्रिकेवर नुसती नावं. त्यामुळे लोकांना एकच खाज, की हा आतून कुठल्या पक्षाचा? शेजारची फिलिस आमच्या गॅरेजमध्ये डोकावली, जुना पिकअप ट्रक दिसला, म्हणाली, हा त्यांच्यातला. तिच्या नवऱ्याला ट्रकमागची सायकल दिसली, त्याने ठरवलं, हा दुसऱ्यांच्यातला. व्हर्जिलला विचारावं तर तो म्हणतो, "मी बँडस्टँडचा." यावर दोन्हीकडचे लोक समजूतदारपणे मान हलवतात आणि दार लावून घेतात.

दारं उघडली ती फक्त तुमच्या वॉलनट हिलमध्ये. केक काय, लिंबाचं सरबत काय, घराघरापुढे पाटी काय. व्हर्जिल शेवटी माणूस आहे, जिथे केक तिथे प्रचार. अख्खा ऑगस्ट तो तिथेच होता. पहिल्या फेरीत तिघांपैकी दोघं उरले, त्यात ब्रूबेकर पहिला आणि हा कसाबसा दुसरा आला, आणि ते तुमच्या जोरावर असं आम्ही धरून चाललो होतो.

परवा मिसेस हेंडरशॉटकडे पीचच्या केकचा तिसरा तुकडा खाताना, काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, "कचऱ्याची गाडी वेळेवर येते ना, काकू?"

"तुमची गाडी इथे कशाला येईल, बाळा? शहराची हद्द त्या चर्चपाशी संपली. आम्ही बाहेरचे."

"मग तुमचं मत?"

"मत कुठलं आलंय आम्हाला? पण पाटी छान आहे हो. माझ्या पिटुनियाच्या फुलांना शोभते."

डेल, तू तिथे किती वर्षं राहतोस? दर थँक्सगिव्हिंगला टर्की कापताना आमच्या महापौरांचाही उद्धार करतोस. तुमच्या पत्त्यात आमच्या शहराचं नाव, हद्दीकडे कोण बघतंय? (तू म्हणशील, "ताई, तू विचारलंस कुठे?" ते तू फोनवर म्हणून झालंय, म्हणूनच फोन आपटून हे पत्र लिहिते आहे.) व्हर्जिलने तेव्हापासून अन्नाला हात लावलेला नाही, केक सोडून. बँडस्टँडच्या पायरीवर जाऊन बसतो, घरच्या कुत्र्याला अंघोळीची बादली दिसावी तसा चेहरा करून.

तुझ्या शेरिलला सांग, तिची बटाट्याची कोशिंबीर सुरेख झाली होती. मीठ सोडून.

तुझी,
लॉरीनताई

ता. क. पाट्या काढू नका. त्या बघून ब्रूबेकरचं धाबं दणाणलंय. कामावरून सुटला की थेट तुमच्याकडे येतो, इकडे शहरात त्याचं तोंड दिसेनासं झालंय. हद्द त्यालाही माहीत नाही. त्याला केक द्या आणि म्हणा, "आमचं अजून ठरत नाहीये हो."

आणखी एक. खरं काम हे. रविवारी तो मिसेस हेंडरशॉटकडे येईल, तेव्हा सगळ्यांनी एका सुरात सांगायचं की बँडस्टँड ठेवणार असाल, तर आमच्याकडे मतं आहेत तेवढी सगळी तुमची. (यात खोटं काय आहे?) वर्तमानपत्राच्या बातमीदाराला मी पाठवते. एकदा त्याचा शब्द छापून आला की व्हर्जिलने खुशाल हरावं. मला नवरा घरात हवा आहे, ट्रॉम्बोन बाहेर.

शेवटचं. व्हर्जिलला यातलं काही कळू देऊ नकोस, जिंकायचंय असं त्याला मनापासून वाटतंय. आज सकाळीच दाढी करता करता विचारत होता, "लॉरीन, महापौर झालो तर शनिवारी बँडच्या तालमीसाठी सुट्टी देतील ना?"