परत येण्याचा खेळ

नाना, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी मी अजून तुमच्याशी भांडतेच आहे. माफी मागायला लिहितेय असा गैरसमज नको. शाळेत तुम्ही खेळाचे सर, पण हेडसरांपासून शिपायापर्यंत सगळे नानाच म्हणायचे. दोंडाईच्यात मुलींची कबड्डी म्हणजे तुम्ही, हे मी आजही कुणालाही ठणकावून सांगेन. वाद फक्त तुमच्याशी आहे.

सकाळी मैदानावर पाणी मारून तुम्ही चुन्याच्या रेघा ओढायचात. आत पाऊल टाकण्याआधी माती कपाळाला लावायची, विसरलं तर पाच फेऱ्या. मी चढाईला गेले की मागून तुमचा आवाज, "हात लावनं सोपं शे. जित्ती परत ये." एक दिवस अजून डोळ्यांसमोर आहे: सराव संपलाय, तुमच्या स्वयंपाकघरात आम्ही ओळीनं बसलोय, काकू गूळ-शेंगदाणे वाढताहेत आणि तुम्ही नव्या नी-कॅपची जोडी माझ्यापुढे टाकताय. एकटीलाच दिलीत. बाकीच्या पोरी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि खरं सांगू, मला ते आवडलं होतं.

बारावीनंतर धुळ्याच्या कॉलेजात रग्बीचं शिबिर लागलं. कुणाच्या पकडीत न सापडणाऱ्या मुली त्यांना हव्या होत्या, मी निवडले गेले. तुम्हाला सांगायला पेढे घेऊन आले, तर तुम्ही सगळ्या संघासमोर म्हणालात, "बठ्ठं मी शिकाडं, आन तू चालनी दुसरा खेळमा. आते या मैदानवर पाय ठेवू नको." पेढे शेवटी शिपायाला दिले. मी बेइमान, असं गावभर झालं. तुम्ही होऊ दिलंत.

आता ऐका, माझ्या पहिल्या सामन्यात काय झालं. चेंडू काखेत मारून मी तिघींना चुकवलं, पलीकडची शेवटची रेघ ओलांडली. तिथं चेंडू जमिनीला टेकवला की गुण. मी काय केलं? रेघेपलीकडे पाय टाकला, गर्रकन वळले आणि चेंडूसकट आपल्या बाजूला धावत सुटले, तोंडानं कबड्डी कबड्डी चालूच. पंचसुद्धा हसत होते. आमच्या मुली डोक्याला हात लावून बसल्या. मी भर मैदानात रडले, पण आज सांगते, मला त्या चुकीचा अभिमान आहे. तुमचे शब्द माझ्या पायांत इतके मुरले होते की खेळ बदलला तरी ते सुटले नाहीत. गुडघ्यांवर तुमच्याच नी-कॅप होत्या. याहून निराळी निष्ठा कुठल्या दुकानात मिळते, सांगा. जन्मभर परत यायला शिकवलंत आणि मी पेढे घेऊन आले तेव्हा रेघ तुम्हीच बंद केलीत. चूक तुमची होती, नाना. तुम्ही आजारी असताना मी आले नाही, त्याचं वाईट वाटतं, पण तरी चूक तुमचीच होती.

मी आता जळगावात मुलींना रग्बी शिकवते. परवा माझी सगळ्यात चपळ मुलगी समोर येऊन उभी राहिली. तिला धुळ्याच्या कबड्डी संघानं बोलावलंय, सोडपत्रावर माझी सही हवी होती. कबड्डीच, नाना, तुमचीच. मला खरं तर हसू यायला हवं होतं. मी म्हणाले, "सगळं मी शिकवलं आणि तू निघालीस?" ती मान खाली घालून बुटाच्या टोकानं माती उकरत राहिली. आवाज माझा होता, वाक्य कुणाचं ते मला लगेच कळलं.

सही केली मी. तुमच्यापेक्षा तेवढी पुढे गेले, हे मान्य करा. कागद तिच्या हातात दिला, ती पाया पडली, फाटकापर्यंत गेली, तिथं थांबून तिनं एकदा मागं पाहिलं. काय म्हणायचं ते मला पाठ होतं. तरीही "परत ये" एवढं काही माझ्या तोंडून निघालं नाही.