चिंचेतला खिळा

चांदीप, १४ मार्च १९८४

परवा घरामागच्या चिंचेचा ओंडका कापताना खिळा लागून आमच्या गिरणीतल्या करवतीचं पातं तुटलं. खिळे आधीच कळावेत म्हणून आज स्वस्तातला मेटल डिटेक्टर बघायला मुंबईला गेलो. तो मेला माझ्या पट्ट्याच्या बकलावरच केकाटत राहिला! महागाचा घ्यायचा तर गिरणीच विकावी लागेल. मग घेऊ तरी कुठला?

घरी येऊन आईवर डाफरलो, "झाडात खिळे मारतं तरी कोण?"

"मीच. लहानपनी तुझा ताप उतरत नव्हता, तेव्हा भगताकडून तो ताप त्या चिंचेत खिळवून घेतला," ती भाकरी थापता थापता म्हणाली. मग थबकली. "तो खिळा निघाला?" आणि पिठाचा हात माझ्या कपाळावर ठेवला.

ताप नाही. डोकं मात्र तापलंय.