रविवारची किल्ली

प्रिय बाबा,

आधी घडलं तेवढंच लिहिते.

१. रविवारी सकाळी आमच्या डायलिसिस विभागातला पाणी शुद्ध करणारा पंप बंद पडला.
२. पंपाच्या खोलीचं लाकडी दार ओलीने फुगून चौकटीत घट्ट बसलं होतं. रुग्ण खोळंबले होते.
३. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही चर्चमधली उपासना अर्धी सोडलीत आणि घरून हत्यारांची पेटी घेऊन आलात.
४. पेटीला कुलूप होतं. किल्ली माझ्याकडे, पर्समध्ये होती.
५. तुम्ही दार काढलंत, मी पंप चालू केला.

"सुतारकाका, कुलूप तुमचं आणि किल्ली लेकीकडे? मग एरवी हत्यारं काढता कशी?" असं आमची नर्स म्हणाली. तिला काय सांगणार? मी शाळेत होते तेव्हापासून, आणि आता वेगळी राहते तरी, दर शनिवारी संध्याकाळी तुम्ही पेटी बंद करून किल्ली माझ्या हातात ठेवता आणि सोमवारी मागून घेता. रविवारी एखादं गिऱ्हाईक दारात अडून बसलं, तर "मालकीणबाईंना विचारा" म्हणून माझ्याकडे बोट दाखवायचात. त्या दिवशी तुमच्या हातांना पॉलिशचा वास नसायचा, आणि माझं कितीही लांबलेलं बोलणं तुम्ही शेवटपर्यंत ऐकायचात. याबद्दल कधी आभार मानले नाहीत. आता मानते.

रविवारीही मशीनपाशी ड्यूटी असलेली ही तंत्रज्ञाची नोकरी धरली तेव्हा आपलं वाजलं होतं. मी म्हणाले, शब्बाथ, तो विसाव्याचा दिवस, इस्राएलाला दिलेला, तोही शनिवारचा. ख्रिस्ती माणसावर त्याची सक्ती नाही. माझं मत अजून तेच आहे. तुम्ही म्हणालात, "नसेल सक्ती. मग थांबायचं कधी, हे तुला मशीन सांगणार का?"

आई सांगते, सोमवारपासून दुकान बंद आहे. किल्ली न्यायला तुम्ही आला नाहीत. येत्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घेणार नाही, मी विसाव्याचा दिवस मोडला, असं तुम्ही चर्चच्या पाळकांना कळवलंत. फोनवर "बरं, बरं" करून तुम्ही तो आईकडे देता, म्हणून हे पत्र. बाबा, प्रभूने शब्बाथाच्याच दिवशी वाळलेल्या हाताचा माणूस बरा केला, हे मला तुम्हीच शिकवलंत. इतकी वर्षं मला दिलेला दिवस तुम्ही एकदा त्या खोळंबलेल्या माणसांना दिलात. मला तो मोडलेला दिसत नाही. किल्ली सोबत ठेवली आहे. दुकान उघडा, शनिवारी ती मला परत द्या. रविवारची सुट्टी मी मागून घेतली आहे, सक्ती नसताना. प्रभुभोजनाला मला तुमच्या शेजारी बसायचं आहे. याल की नाही, ते शुक्रवारपर्यंत कळवा.

तुमचीच,
मालकीणबाई