ढोल ऐकू न येणारी बाई

आई, तुझ्यावर मी एक गोष्ट लिहिली आहे आणि तुला विचारल्याशिवाय ती छापायला देणं मला जमेना, म्हणून हे लिहितो आहे. गोष्ट मुलांसाठी आहे. तिच्यात एक राक्षस डोंगराच्या गुहेत बसून ढोल बडवतो. ढोल वाजला की सारं राज्य आपापलं काम टाकून त्याच्यासाठी ढगांचं सूत काढू लागतं. एकट्या राणीवर त्याची जादू चालत नाही, कारण तिला ऐकू येत नाही. ती गुहेत जाते, त्याच्या हातातली काठी काढून घेते, आणि देव प्रसन्न होऊन तिचे कान परत देतो. राक्षस कुठून आला हे तुला सांगायला नको. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की आपली सगळी गल्ली उठून एकाच दिशेने चालू लागायची.

वडील प्लेगात गेले आणि तू गिरणीत सूत गुंडाळायला लागलीस. तिथल्या आवाजात बोलणं ऐकू येतच नसे, म्हणून तुम्ही बायका ओठांनी आणि हातांनी बोलायचात. कुणी तेलुगू, कुणी कानडी, पण हात सगळ्यांना कळायचे. संध्याकाळी अंगणात तू मुकादमाची नक्कल करायचीस, ती मला आजही दिसते. तोंडातून शब्द नाही. नुसती मिशी पिळतेस, पोट पुढे काढतेस, कुणाला तरी दटावतेस आणि स्वतःच्याच धोतरात पाय अडकून पडता पडता सावरतेस. शेजारची तेलुगू मावशी हसून हसून खाली बसते. मेलेल्या दिवसातून तू असं काहीतरी जिवंत काढून आणायचीस. माणसाचा राक्षस कसा करायचा आणि तो केल्यावर त्याला हसायचं कसं, हे मी कॉलेजात नव्हे, त्या अंगणात शिकलो.

आणि एक बोलणं आठवतं. तवा चुलीवर, तुझे हात पिठात, आणि मी उंबऱ्यात बसून धडा वाचतो आहे. पुस्तक तोंडापुढे.

"पुस्तक खाली धर की. तोंड दिसू दे तुजं."

"वाचतोय की, आई."

"वाच. पर तोंड दाखवून वाच. चोरावानी लपतुयास कशाला?"

मला राग यायचा. वाचणं कशाशी खातात हे हिला काय कळतं, असं मनात यायचं. तू भाकरी थापायची थांबवून माझ्याकडे टक लावून बघायचीस, हसायच्या जागी बरोबर हसायचीस, आणि मी घाईत शब्द गिळला की म्हणायचीस, "आता काय म्हनलास? परत म्हन." पुढे पुण्याहून सुट्टीत आलो तेव्हा तू पाठमोरी भांडी घासत होतीस. मी तीनदा हाक मारली. तू वळली नाहीस. तुझ्या थोरलीने, अक्काने, मला बाजूला ओढलं. "कान जाऊन लई वर्सं झाली. तुला सांगू नगं म्हनली व्हती. शिकायचं सोडून येशील म्हनून."

गेल्या रविवारी अक्का कुंभारीहून आली होती. तिला वाचता येत नाही, म्हणून मी गोष्ट वाचून दाखवली. ती शेंगा निवडत ऐकत होती.

"ब्येस हाय," ती म्हणाली. "पर ही राणी म्हंजे आपली आईच की."

"व्हय."

"मग गिरणीत कोण गेलं रं?"

मी म्हणालो, गोष्टीत थोडं बदलावं लागतं, मुलांना राजवाडा आवडतो.

"तिच्या डोसक्यात कापूस असायचा. तू मोगरा घातलायस. आन् कान कुटं परत आलं? कुटला द्येव आला व्हता हितं?"

दोन दिवस मी तिच्यावर चिडून होतो. मग स्वतःला विचारलं, राजवाडा बांधला कुणासाठी? तुझा मान वाढावा म्हणून, असं मी समजत होतो. पण माझी पुस्तकं शाळेतले माझे सोबतीही वाचतात, आणि त्यांच्यापुढे गिरणीतली बाई उभी करताना माझाच हात अडखळला होता. तू नव्हतीस अडखळली कधी.

आता मी राणी खोडली आहे. गुहेत सूत काढणाऱ्यांतलीच एक अनवाणी बाई आहे, केसांत कापूस असलेली. ढोलानेच तिचे कान गेले आहेत, म्हणूनच ढोल तिच्यावर चालत नाही. काठी तीच काढून घेते. कान मात्र परत येत नाहीत. शेवटी राज्यातली माणसं तिच्याशी बोलताना तिच्याकडे तोंड करून, सावकाश बोलायला शिकतात, एवढंच. तरी मनाला टोचणी आहे. तुझ्या बहिरेपणाची मी जादू करतो आहे, आणि खऱ्या भोंग्याची काठी कुणीच काढून घेतली नाही. तो उद्याही होईल. तुला न मिळालेला विजय कागदावर देणं ही लबाडी की भेट, हे मला ठरवता येत नाही. एवढं मात्र नक्की कळतं की माझ्या शब्दांकडे तुझ्याइतकं टक लावून नंतर कुणी पाहिलं नाही, आणि माझं जे काही लिहिणं आहे ते तुझ्या त्या बघण्यातून आलं आहे.

प्रुफं उद्या छापखान्यात जातील. तू गेल्यावर हे पत्र कुठे जाणार? राहील इथेच. फक्त एक कबूल करतो. दुरुस्त केलेली गोष्ट मी मघाशी दार लोटून सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली. कागद हनुवटीच्या खाली धरला होता, आणि आवाज काढला नाही. नुसते ओठ हलवले.